तिच्यामागून आलेल्या

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो ‘तिच्यामागून’. एखादी बाई कुठेतरी पहिली पोचते. तिच्या मागून कोण येतं, कसं येतं, आणि कधी कधी कुणीच का येत नाही, ते जाऊन बघा, असं त्यांनी सांगितलं. मला आधी आठवल्या त्या कोरियाच्या गोल्फ खेळणाऱ्या मुली. एकीच्या पाठोपाठ इतक्या जणी, इतक्या थोड्या वर्षांत जगाच्या अव्वल रांगेत येऊन बसल्या, असं खेळांच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही.

दुसरं कारण दाराशीच आहे. मी कर्जतला राहते. कर्जतहून चौकला आणि तिथून खालापूर-खोपोलीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला घरबांधणीचे फलक लागतात. फार्महाऊस, बंगले, सेकंड होम, आणि आता त्यांच्या जोडीला गोल्फ. फलकावर गुळगुळीत हिरवळ असते, छोटा झेंडा असतो. त्याच रस्त्याने शाळेच्या गणवेशातल्या ठाकर-कातकरी मुली वाडीकडे चालत जातात. त्या मुलींचा आणि त्या हिरवळीचा काही संबंध लागू शकतो का, हा प्रश्न घेऊन मी या लेखाच्या कामाला लागले.

पाण्यात उतरलेली मुलगी

६ जुलै १९९८. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ब्लॅकवुल्फ रन हे मैदान आणि अमेरिकन महिला ओपन ही मानाची स्पर्धा. चार दिवस खेळून दोघी बरोबरीत राहिल्या होत्या. एक दक्षिण कोरियाची पाक से-री, दुसरी अमेरिकेची हौशी खेळाडू जेनी चुआसिरिपोर्न. दोघीही वीस वर्षांच्या. निकालासाठी पाचव्या दिवशी आणखी १८ होल खेळायचे ठरले.

अठराव्या होलवर पाकचा चेंडू डावीकडे भरकटला आणि तळ्याच्या काठावर, गवताच्या तीव्र उतारावर पाण्याच्या जेमतेम वर अडकला. दंडाचा एक फटका पत्करून चेंडू सोयीच्या जागी ठेवण्याची मुभा होती. तिने बराच वेळ चेंडूकडे पाहिलं. मग खाली बसून बूट काढले, मोजे काढले आणि ती पाण्यात उतरली. उन्हाने रापलेल्या पोटऱ्या आणि मोज्यांत झाकून राहिलेली पांढरीफटक पावलं, दोन्हींमधली रेघ टीव्हीवर स्पष्ट दिसत होती. वर्षानुवर्षं रोज उन्हात किती तास काढले असतील, ते त्या रेघेवरूनच कळत होतं. पाण्यात उभं राहून तिने चेंडू बाहेर काढला, होल वाचवला आणि बरोबरी टिकवली. नंतरच्या दुसऱ्या जादा होलवर बर्डी करून, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक फटका कमी घेऊन, ती जिंकली. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एलपीजीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला गोल्फ संघटनेची चँपियनशिपही जिंकलेली होती.

कोरियात तेव्हा पहाट होती आणि देश मोठ्या संकटात होता. १९९७ च्या अखेरीस परकीय गंगाजळी आटली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला, कारखाने बंद पडले. देशाचं कर्ज फिटावं म्हणून लोकांनी १९९८ च्या सुरुवातीला घरातलं सोनं बाहेर काढून दिलं. सव्वादोनशे टनांच्या आसपास. त्यात बायकांच्या लग्नातल्या अंगठ्या होत्या, लेकरांच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या होत्या. अंगावरचं सोनं उतरवून देणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अशा दिवसांत पाण्यात उतरून हरता डाव सावरणारी ही मुलगी लोकांनी पाहिली आणि तिला आपलं मानलं.

खरं तर गोल्फ हा तिथल्या सामान्य माणसाचा खेळ नव्हताच. श्रीमंतांचा, अधिकाऱ्यांचा, आतल्या गाठीभेटींचा खेळ अशी त्याची ख्याती होती. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या किम यंग-साम यांनी सरकारी अधिकाऱ्यांना गोल्फपासून दूर राहायला सांगितलं होतं. त्यानंतर पाचच वर्षांत सगळा देश पहाटे उठून गोल्फ बघत बसला.

पहिली वेगळीच होती

पाक से-रीच्या त्या विजयापासून कोरियन महिला गोल्फची कथा सांगण्याची पद्धत आहे. पण पहिली ती नव्हे. तिच्या दहा वर्षं आधी, १९८८ मध्ये, कू ओक-ही हिने अमेरिकेच्या एलपीजीए मालिकेतली स्पर्धा जिंकली होती. ती पूर्वी गोल्फच्या मैदानावर कॅडी होती, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी सांभाळणारी. १९७८ मध्ये कोरियात बायकांची पहिली व्यावसायिक चाचणी झाली, तेव्हा पात्र ठरलेल्या चौघींत ती होती. कॅडीचं काम करणारी मुलगी अमेरिकेत जाऊन जिंकते, ही कहाणी पाकच्या कहाणीपेक्षा तसूभरही कमी नाही. तरी तिच्यामागून रांग लागली नाही. ते साल सोल ऑलिंपिकचं. देशाचं लक्ष तिकडे होतं.

मधल्या दहा वर्षांत काय बदललं? परदेशातली स्पर्धा घरोघरी थेट दिसू लागली. बायकांच्या देशांतर्गत स्पर्धा वाढल्या. मोठे उद्योग खेळाडूंच्या पाठीशी उभे राहू लागले; पाकला सॅमसंगचा आधार होता. शाळकरी वयापासून खेळणाऱ्या मुलींची निवड आणि सराव यांची घडी बसू लागली. म्हणजे पाक जिंकली तेव्हा पाहणारी मुलगी दुसऱ्या दिवशी जिथे जाऊ शकेल अशी जागा तयार होती. कूच्या वेळी ती नव्हती.

त्या पहाटे आईवडिलांच्या आरडाओरड्याने जागी झालेली एक मुलगी दहा वर्षांचीही नव्हती. तिचं नाव पार्क इन-बी. दोनच दिवसांत तिच्या हातात काठी आली. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, तिने तीच अमेरिकन ओपन जिंकली; ती जिंकणारी सर्वांत लहान खेळाडू ठरली. २०१३ मध्ये तिने मानाच्या तीन स्पर्धा लागोपाठ जिंकल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. तिच्या वयाच्या शिन जी-याई, चोई ना-यॉन अशा कितीतरी जणी पुढे आल्या. त्यांना ‘से-रीची मुलं’ म्हणतात. चोईने २०१२ मध्ये अमेरिकन ओपन जिंकली ती त्याच ब्लॅकवुल्फ रनच्या मैदानावर. २०१५, २०१७ आणि २०१९ या तिन्ही वर्षांत एलपीजीए मालिकेतल्या पंधरा-पंधरा स्पर्धा कोरियन बायकांनी जिंकल्या. को जिन-यंग एकूण १६३ आठवडे जगात पहिली राहिली.

गर्दी किती होती ते सांगणारी एक गोष्ट. २०१९ ची अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या ली जॉंग-उनच्या नावापुढे ६ हा आकडा असतो. कोरियाच्या व्यावसायिक संघटनेत त्याच नावाच्या पाच जणी तिच्या आधी नोंदवलेल्या होत्या.

जागा नाही, म्हणून वर

आता या मुली ज्या शिडीने वर चढतात ती कशी चालते ते पाहू. कोरियाची बरीचशी जमीन डोंगराळ. अठरा होलच्या मैदानाला शे-सव्वाशे एकर सहज लागतात आणि तिथे खेळायचे दर जगात महागड्यांपैकी. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय उभा आहे. शहराच्या मधोमध लोखंडी खांबांवर उंच हिरवी जाळी ताणायची. जाळीच्या एका अंगाला दोन-तीन मजले, प्रत्येक मजल्यावर ओळीने चौकोनी खण आणि खणात कृत्रिम गवताची चटई. फटका मारला की पुढचा चेंडू चटईतल्या भोकातून आपोआप वर येतो. वाकायला नको, थांबायला नको. शाळा सुटल्यावर मुलगी इथे येते आणि तासन् तास एकच फटका घोटते.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे पडद्यावरचा गोल्फ. दुकानाच्या गाळ्याएवढ्या खोलीत समोर मोठा पडदा, त्यावर खऱ्या मैदानाचं चित्र. चेंडू पडद्यावर आदळतो आणि त्याचा वेग, दिशा, फिरकी संवेदक टिपतात. चेंडू कुठे पडला असता ते पडद्यावर दिसतं. उतार असला तर पायाखालचा पाटही कलतो. या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी गोल्फझोन २००० साली देजॉन शहरात निघाली. पाक से-रीचंही गाव तेच. मैदानाच्या फाटकाबाहेर राहिलेला माणूस या खोल्यांतून खेळाच्या आत आला.

वर चढायच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. महिला संघटनेची मुख्य मालिका, तिच्याखाली ‘ड्रीम टूर’, त्याच्याखाली ‘जंप टूर’. खालच्या मालिकेत चांगलं खेळलं की वरचं दार उघडतं, वर घसरलं की खाली यावं लागतं. दर आठवड्याला कुणीतरी तुमच्या जागेवर डोळा ठेवून असतं. त्या चाळणीतून निघालेल्या मुलीला अमेरिकेतलं दडपण नवं राहत नाही. हिवाळ्यात कोरियातलं गवत गोठतं, तेव्हा खेळाडू थायलंडसारख्या उबदार देशांत जाऊन सराव करतात.

याची किंमतही आहे. बाप नोकरीधंदा सोडून मुलीबरोबर फिरतो, कुटुंबाची पुंजी एका मुलीच्या मनगटावर लागते आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला ते ओझं ठाऊक असतं. पाक स्वतः २००५ च्या सुमाराला दुखापत आणि खराब खेळ यांनी कोलमडली होती. २००६ मध्ये पुन्हा एलपीजीए चँपियनशिप जिंकून ती परतली. बाहेरून अडथळेही आले. २००८ मध्ये अमेरिकेच्या एलपीजीएने इंग्रजी न बोलणाऱ्या खेळाडूंना निलंबित करायचा नियम जाहीर केला. त्याचा रोख कुणावर आहे हे सगळ्यांना कळलं आणि टीका झाल्यावर तो महिन्याभरात मागे घ्यावा लागला.

पांडवकड्याखाली

रायगड जिल्ह्यात गोल्फ प्रत्यक्ष बघायचा तर मला खारघरला जावं लागलं. पांडवकड्याच्या डोंगराखालच्या दरीत सिडकोने हे मैदान केलं आहे. क्लबचं सभासदत्व नसलेल्यालाही पैसे भरून तिथे खेळता येतं, हे त्याचं मोठेपण. मुंबईचा विलिंग्डन क्लब खूप जुना, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. तिथे आत जायला ओळख आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा लागते.

सरावाच्या पट्ट्यात एक बारा-तेरा वर्षांची मुलगी चेंडू मारत होती. डाव्या हातात पांढरा मोजा. चेंडू चटईवर ठेवायचा, दोन पावलं मागे यायचं, लांबवर एक खूण धरायची, पुन्हा जागेवर यायचं, पावलं हलवून टाच पक्की करायची आणि मग फटका. दर चेंडूला हाच क्रम, एकही पायरी न गाळता. मागे वडील मोबाइलवर चित्रण करत होते. फटका बसला की ती आधी चेंडूकडे बघायची आणि मग वळून वडिलांच्या चेहऱ्याकडे. पलीकडे गवतातलं तण उपटत बायका उकिडव्या बसल्या होत्या. मी पाहिलेले कॅडी सगळे पुरुष होते.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भारतीय गोल्फमध्ये गरीब घरातून वर येण्याची एक वाट आहे आणि ती कॅडीच्या कामातून जाते. अनेक क्लबांत सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा कॅडींना खेळू देतात. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीत कॅडी होते. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. २०१६ आणि २०१७ मध्ये तीच स्पर्धा जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया हे कोलकात्याच्या मैदानावर माळीकाम करणाऱ्याचे चिरंजीव. पण सोमवारची ती वाट पोरांची आहे. आपल्याकडे बाई मैदानावर येते ती खुरपं घेऊन, आणि खुरप्याला सोमवारची सवलत नाही. कोरियात कॅडीचं काम बहुतांश बायकाच करतात. कू ओक-ही त्याच दाराने आत आली होती.

मग भारतातल्या मुली कुठून आल्या? ७ ऑगस्ट २०२१ ला पहाटे आपणही टीव्हीसमोर बसलो होतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली; ब्राँझ एका फटक्याने हुकलं. कॅडी म्हणून पिशवी सांभाळायला तिची आई होती. अदिती बंगळुरूची. पाच वर्षांची असताना नाश्त्याला गेलेल्या जागेवरून तिला कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान दिसलं आणि तिथून सुरुवात झाली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. त्या भारतीय महिला संघात तिच्याबरोबर होत्या प्रणवी उर्स आणि अवनी प्रशांत. तिघीही कर्नाटकाच्या. रांग लागते ती जिथे मैदान, शिकवणारा आणि लहानांच्या स्पर्धा हाकेच्या अंतरावर असतात तिथे. नुसत्या बघण्याने रांग लागत नाही; अदितीला टीव्हीवर तर सगळ्या देशाने पाहिलं होतं.

सावरपाडा आणि साताऱ्याचा ऊस

महाराष्ट्राला हे नवं नाही, फक्त आपण ते दुसऱ्या खेळांत पाहिलं आहे. नाशिकजवळच्या हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत. आदिवासी पाड्यातली मुलगी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवून आली. तिच्यामागून नाशिकमध्ये संजीवनी जाधव आली, मोनिका आथरे आली. रांग लागली, कारण प्रशिक्षक विजेंदर सिंग कवितानंतरही त्याच मैदानावर रोज सकाळी हजर होते.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली, वय सतरा. तिचा सराव झाला तो प्रवीण सावंत यांच्या उसाच्या रानातल्या केंद्रात. धनुर्विद्येतही आदर्श कोरियाच्याच बायका. १९८८ पासून २०२४ पर्यंत ऑलिंपिकचं महिला सांघिक सुवर्ण दर वेळी त्यांनीच नेलं आहे, आणि मागचं पदक कितीही मोठं असो, निवड चाचणीत प्रत्येकीला पुन्हा शून्यापासून उभं राहावं लागतं. साताऱ्याच्या रानात ना जाळीचे मजले होते, ना पडदे. रोज उघडणारं एक फाटक होतं आणि शिकवणारा होता.

दोन तालुक्यांची जमीन

कर्जत-खालापुरात मैदान म्हणजे कबड्डी. संध्याकाळी मातीवर पाणी मारून रेघा आखल्या की पोरं जमतात. मुलींचे संघही आहेत. आश्रमशाळांतल्या मुली पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या क्रीडा स्पर्धांत धावतात, उड्या मारतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असल्यामुळे आईबापांना खेळात भविष्यही दिसू लागलं आहे. ताकद, तोल, नजर यांत या मुली कुठेही कमी नाहीत. पाठीवर मोळी आणि डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरणाऱ्या पायांना तोल शिकवावा लागत नाही.

अडचण जमिनीची आणि पाण्याची आहे. गोल्फचं गवत उन्हाळाभर पाणी मागतं. या तालुक्यांत चार महिने धो धो पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. भिवपुरी आणि खोपोलीला घाटावरचं पाणी वीज करून खाली उतरतं आणि उल्हास-पाताळगंगेतून पुढे वाहून जातं. डोंगरातल्या वाडीच्या हंड्यात ते येत नाही. अशा ठिकाणी आणखी मोठी मैदानं करा, असं मी म्हणणार नाही. कोरियाकडून शिकायचं असेल तर ते नेमकं उलटं आहे. त्यांनी मुली घडवल्या त्या मैदानांवर कमी आणि जाळीमागे जास्त.

एक जाळी, काही चटया, जुन्या काठ्या आणि आठवड्यातून चार दिवस येणारी शिकवणारी बाई किंवा बुवा. एवढं शाळेच्या आवारात किंवा पंचायतीच्या रिकाम्या शेडमध्ये मावतं. आपल्या चार महिन्यांच्या पावसात तर छताखालचा सराव हाच शहाणपणाचा. ज्या वसाहती गोल्फच्या नावावर घरं विकतात त्यांनी या तालुक्यांची जमीन घेतली आहे, त्या पाणीही इथलंच वापरणार आहेत. त्यांच्या सरावपट्टीवर आसपासच्या शाळांतल्या मुलींसाठी ठरावीक जागा आणि ठरावीक तास असावेत, ही मागणी मला अजिबात अवाजवी वाटत नाही. आणि गोल्फच का, असं कुणी म्हटलं तर तेही बरोबर आहे. धनुष्य चालेल, धावपट्टी चालेल. खेळ कुठला हे मुलींच्या आवडीवर सोडावं, पण रोज उघडणारं फाटक हवं.

चढ आणि उतार

अलीकडे कोरियाची लाट ओसरली आहे. २०२४ मध्ये एलपीजीएत त्यांच्या वाट्याला तीनच स्पर्धा आल्या. देशातल्या स्पर्धांतच चांगले पैसे मिळतात, म्हणून कितीतरी जणींना घर सोडून अमेरिकेत राहावंसं वाटत नाही. दरम्यान थायलंड आणि जपानच्या मुली वर आल्या. थायलंडची अरिया जुटानुगार्न २०१६ मध्ये मानाची स्पर्धा जिंकली आणि तिच्यामागून अथया थितिकुल जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. म्हणजे या यशाला कोरियन रक्ताची किंवा मनगटाच्या एखाद्या गूढ गुणाची गरज नाही. सराव करायला जागा, शिकवायला माणूस आणि चढायला पायऱ्या जिथे उभ्या राहतात, तिथे मुली येतात.

म्हणून या शोधातून माझ्या हाती लागलेलं उत्तर साधं आहे. पहिली मुलगी एकटीच्या हिमतीवर येते. कू ओक-ही तशीच आली, कविता राऊतही. दुसरी, दहावी, शंभरावी येते ती कुणीतरी व्यवस्था लावली तर. कर्जत-खालापुरातली पहिली मुलगी कधी आणि कुठल्या खेळात चमकेल, ते कुणाच्या हातात नाही. तिच्यामागून येणाऱ्यांसाठी जाळी, पट्टी आणि शिकवणारं माणूस मागणं मात्र आपल्या हातात आहे. ती मागणी पुढच्या ग्रामसभेत मांडता येते, आणि नव्या वसाहतीचं फाटक उभं राहण्याआधीच मांडली पाहिजे.